तीन मात्रा

औसा, मंगळवार १४ जुलै, संध्याकाळ

पत्र्याच्या वर्गात पन्नास पोरं माझी ओळ एका सुरात म्हणायची. तो आवाज आज दिवसभर कानात आहे.

'वर्तुळ, चौरस, समांतरभुज, अर्धं दुमडा, अर्धं समज.'

सममिती, म्हणजे दुमडल्यावर दोन्ही अर्धं तंतोतंत जुळणं, शिकवायला मीच रचलेली. गणिताचे सर रजेवर, म्हणून निवृत्त असूनही शाळेनं आज मला सातवीवर बोलावलं. मी हौसेनं तीच ओळ म्हणवून घेतली. सुमेधानं कागदाचा समांतरभुज चौकोन दुमडला. "सर, जुळंना. कोपरा बाहेर यायलाय." मी म्हणालो, "घडी वाकडी घातलीस." मागून कुणीतरी बोललं, "टेलरीणबाईची लेक अन् घडी येईना." वर्ग हसला. मीही हसलो.

घरी येऊन तोच कागद दुमडला. उभा, आडवा, कर्णावर. आरसाही धरून पाहिला. कोपरा बाहेरच. पाहायची तरी काय गरज होती? मला रचतानाच ठाऊक होतं. तिथं 'समभुज' हवं होतं; पण तीन मात्रा कमी पडत होत्या, म्हणून 'समांतरभुज' घातलं. तीन मात्रांसाठी इतकी वर्षं खोटं शिकवलं. आणि आज तिनं कोपरा दाखवला तरी... उद्या वर्गात कबूल करीन का? की उद्या गणिताचे सर परत येतील, म्हणून सुटलो?

इथवर लिहिलं आणि दार वाजलं. सुमेधाची आई. पहिल्यांदाच घरी आलेली.

"सर, पोरगी रोज ब्लाऊजचं कापड दुमडून देती मला. आज हातच लावंना. म्हणती, माझी घडी वाकडी येती. जरा शिकवता का तिला?"