बावीस दिवस बाबा तुझ्याकडे

दादा,

तू गाढ झोपला होतास, म्हणून उठवलं नाही. मैत्रिणी खाली गाडीत थांबल्यात. पुढचे बावीस दिवस आम्ही तिघी डोंगरातून चालणार आहोत. वाटेत फोन लागेलच असं नाही.

बाबांच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत भरून ठेवल्यात. त्यांना कुशीवर वळवताना आधी सांगत जा, नाहीतर दचकतात. दाढी मात्र सावकाश कर, माझ्या हातून नेहमी कापतं.

काल तू म्हणालास, "एवढं चालून दमशील गं." अरे, मी दमलेय ती या दोन खोल्यांत, सहा वर्षं.

निघताना बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं. मग आपणहून सोडलं आणि दाराकडे बोट दाखवलं.

तुझी,
धाकटी