डबीवर धूळ नव्हती

प्रिय छोट्या,

हे पत्र आधी एकट्याने वाच, बायकोला लगेच हाक मारू नकोस. दोनदा फोन हातात घेतला, पण जीभ रेटेना. म्हणून सरळ लिहिते. आमच्या ऑफिसच्या तळघराच्या अहवालावर तू सही केलीस ना, त्यातला आकडा खोटा आहे. चूक तुझी नाही, लबाडी माझी आहे.

तू आमच्या ऑफिसात आलास तेव्हा मी काय मिरवलं होतं, माझा भाऊ इमारतींमधला रेडॉन मोजतो म्हणून! जमिनीतून भेगांवाटे वर येणारा वायू, ना वास ना रंग, वर्षानुवर्षं छातीत गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, हे तू माझ्याबरोबर तळघरात फायली बांधत बसणाऱ्या बाइंडरकाकांना किती शांतपणे समजावलंस. मग ती मोजणीची काडेपेटीएवढी काळी डबी माझ्या टेबलामागच्या फळीवर ठेवलीस आणि तीन महिने हलवायची नाही म्हणून बजावलंस. जाता जाता हेही म्हणालास, की आकडा तीनशेच्या वर गेला तर तळघर बंद करायला सांगावं लागेल.

तिथेच माझं डोकं फिरलं. तेवीस वर्षं त्या तळघरात फायली सांभाळल्या, रे! वर मला कुत्रं विचारत नाही. खाली मात्र एका फाइलसाठी भलेभले साहेब माझ्या दारात ताटकळतात. तू गेलास आणि दुसऱ्याच दिवशी मी डबी पर्समध्ये घालून वर नेली, जेवणाच्या खोलीत उघड्या खिडकीशी ठेवली. तू यायच्या आदल्या दिवशी परत फळीवर. फळीवर बोटभर धूळ आणि डबी लख्ख, तरी तुझ्या लक्षात आलं नाही. दुसरीकडे कुठे तू चारदा खोदून विचारलं असतंस. आकडा सत्तर आला, आणि उगाच घाबरले म्हणून तू माझीच थट्टा केलीस.

दोन वर्षं स्वतःची समजूत घातली, की श्वास माझा, जीव माझा. बाइंडरकाका खोकले की मात्र मान वर करवत नसे.

मी शुक्रवारी निवृत्त होतेय, हे तुला ठाऊक आहे. माझ्या जागी तुझी लेक येतेय, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. मला चकित करायचं म्हणून कार्टीने लपवून ठेवलं होतं. आत्याची खुर्ची मिळाली म्हणून फोनवर नुसती नाचत होती, आणि बाबांनीच मोजलंय तळघर, असंही म्हणाली. त्याच दिवशी बाजारातून मोजयंत्र आणून टेबलावर ठेवलं. आठवड्याची सरासरी सहाशे चाळीस! साहेबांना दाखवलं, तर ते हसले. तुमच्या भावाचा अहवाल फाइलला असताना हे खेळणं कशाला, म्हणाले. पोरीला सांगितलं, तर आत्याला खुर्ची सोडवत नाही म्हणून ती हसली. डबी मी हलवली, हे त्या दोघांना सांगायचं धाडस झालं नाही. ते आधी तुला सांगतेय. सोमवारी सकाळी ती खाली उतरेल. त्याआधी हे पत्र साहेबांना दाखव आणि तुझी सही मागे घे. मग हवं तर जन्मभर माझ्याशी बोलू नकोस. पुन्हा मोजशील तेव्हा डबी माझ्या हाताला लागेल अशी ठेवू नकोस.

तुझीच,
ताई