आबांची शिवण

आबा, परवा तुम्ही बांधलेल्या पुस्तकाची शिवण उसवली. आईला आधी ते सोसेना. "त्यांच्या हातचं एवढंच ऱ्हायलंय घरात," म्हणाली आणि चुलीपुढं जाऊन बसली. पण कोल्हापुरात दुसरी प्रत मिळाली नव्हती आणि बायका सात-आठ येणार होत्या. दिवसभर बसून हे एकच जुनं पुस्तक सगळ्यांनी मिळून वाचायचं, त्यावर बोलायचं, हवं तर भांडायचं, असं मी ठरवलं होतं. एकीनं वाचायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, तशी पोथी गल्लीत रोजच होते. मला प्रत्येकीच्या हातात पानं द्यायची होती. घरात मी पहिली पदवीधर, म्हणून बायका माझ्यापुढं बोलायच्या थांबतात. त्या दिवशीही गप्प राहिल्या असत्या, तर मी शिकून काय मिळवलं?

बुकबांधणीच्या खोलीतला एक दिवस आठवतो. मी नऊ-दहा वर्षांची, पुस्तकाच्या पाठीला भरमसाट खळ फासतेय. तुम्ही माझा हात धरता. "गळा आवळू नगंस त्येचा. उद्या कुणाला तर उसवायचं असतंय." तुमची शेवटची गाठ नेहमी मागच्या पुठ्ठ्यापाशी, सैलसर. चौथी पास झाले तेव्हा हेच पुस्तक तुम्ही मला बांधून दिलंत. रद्दीतले सुटे फर्मे, म्हणजे छापील पानांच्या घड्या, कडा कसरीनं खाल्लेल्या, पानांचे आकडे गेलेले. तुम्हाला अक्षर येत नव्हतं. ओलीच्या डागाला डाग जुळवून तुम्ही क्रम लावलात. हे सगळं आईला सांगितलं, तेव्हा तीच उठली आणि नखानं ती गाठ तिनं सोडवली.

बायका चटईवर बसल्या, एकेक फर्मा हातात, आणि खरंच गप्प. पुस्तकातली राणी आधी परत येते आणि मग भांडून घर सोडते, हे ग्रंथकर्त्यानं मुद्दाम कसं उलटं रचलंय, ते मी समजावत होते. लहानपणापासून मी तसंच मानत आले होते. महाराजांच्या नव्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई पेठ वडगावहून आल्या होत्या. त्यांनी आपली पानं पुन्हा चाळली.

"अहो, माझ्याकडं ती आत्ता कुठं घराबाहेर पडतेय. तुमच्या आधीच्या पानांत परत कशी आली?"

"गेलीच न्हाय ती परत कुठनं येती?" शेजारची काकी म्हणाली. "पानं मागंफुडं झाल्यात की गं."

चुलीकडून आई म्हणाली, "त्यांनी डाग बघून लावलीती. डागानं फशिवलं."

सगळ्या हसल्या, मीही. मग कुणाला थांबवणं माझ्या हातात राहिलं नाही.

"मी असते तर परत आलेच नसते," काकी म्हणाली.

"पोरं घरात असती तर आली असतीस," आई.

"पोरं संगं घिऊन गेले असते म्हण की," काकी.

पिठलं बुडाला लागलं तरी कुणी उठेना. दिवेलागणीला त्या गेल्या, त्याही भांडतच.

काल मी पुस्तक पुन्हा शिवलं. बाईंनी खरा क्रम पेन्सिलीनं लिहून दिला होता. गाठ मागच्या पुठ्ठ्यापाशीच घातली, सैलसर. हे पत्र तुम्हाला वाचून दाखवणारं तिथं कोण असणार, म्हणून घडी घालून त्याच पुस्तकात ठेवतेय. एवढंच सांगायचं राहिलं, आबा. राणीचे ते मागंपुढं झालेले दोन फर्मे मात्र तुम्ही लावले होते तसेच मी लावलेत.