सतरा नंबरचा फॉर्म

आई, परवा दहावीच्या इतिहासाच्या पेपरला मी पर्यवेक्षक होते. इथल्याच, अकोल्यातल्या दुसऱ्या एका शाळेत. शेवटच्या बाकावर एक बाई बसली होती, चाळिशी ओलांडलेली, पदराने चष्मा पुसत. सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसलेली. हॉल तिकीट तपासायला गेले तर ती उठून उभीच राहिली. "बसा ना ताई," मी म्हटलं. "मॅडम आल्यावर बसूनच राहू काय?" ती म्हणाली, आणि शेजारच्या बाकावरची मुलगी खुदकन हसली. त्यानंतर यादीवर मी दोन मुलांच्या सह्या चुकीच्या ओळीत घेतल्या.

परतवाड्याच्या आपल्या स्वयंपाकघरात तू दुपारी अंगणवाडीतून यायचीस. मदतनीस होतीस. घरोघरून लेकरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, मग भांडी घासायची. तुझी शाळा सातवीनंतर सुटलेली, तरी माझा अभ्यास तूच घ्यायचीस. जुना मसाल्याचा डबा, त्यात सात वाट्या, आणि लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून केलेल्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर माझ्या अक्षरात एक प्रश्न. उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या वाटीत, चुकलं की परत पहिलीत. पहिली वाटी रोज विचारायची, दुसरी एक दिवस सोडून, असं करत शेवटची फक्त बाजाराच्या दिवशी. हे कुठं शिकलीस असं विचारलं तर म्हणालीस, "शिका काय लागते त्याच्यात? लेकरं काल सांगतलं ते आज इसरतात. जे इसरले तेच उद्या इचारा लागते." आमच्या बीएडच्या पुस्तकात उजळणीवर एक अख्खं प्रकरण होतं. ते वाचताना मला सारखा हळदीचा वास येत होता.

आत्ताही दिसतं मला. तू तुरीच्या शेंगा सोलते आहेस, मी पुस्तक मिटून तुला अपवर्तन सांगते आहे. "प्रकाशकिरण एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाताना..."

"थांब. माध्यम काय व्हय?"

"माध्यम म्हंजे... माध्यमच."

"हे तं तू घोकून राहिली, माय."

"पुस्तकात तसंच हाये!"

"पुस्तकाले नाई, तुले इचारून राहिलो मी. मले समजलं नाई म्हंजे तुले आलं नाई. टाक पयल्या वाटीत."

मी चिडून काचेचा पेला पाण्याने भरला, त्यात चमचा उभा केला. मग तू शेंगा बाजूला सारल्यास, पेला उचललास आणि लहान पोरीसारखा चहूबाजूंनी फिरवून पाहिलास. "वाकडा दिसून राहिला वं!" त्या दिवशी अपवर्तन आपल्या दोघींनाही आलं.

माझं दहावीचं वर्ष. पोळा नुकताच झाला होता. तुमच्या अंगणवाडीतल्या सेविकाबाई जागा सोडणार होत्या. ती जागा तुला मिळायची तर दहावी पास असायला हवं होतं. तू भाकरी थापत होतीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "मी बी बसू का वं तुयासंग? सतरा नंबरचा फॉर्म भरतो. सगळं तं ऐकलंच हाये मी."

"तू? मायासंग? माया मैत्रिणी हासतीन, आई."

"काहून? मी काय तिथं फुगडी घालून राहिलो?" तू हसलीस. मी हसले नाही.

"आई, नको ना."

तू भाकरी तव्यावर टाकलीस, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवलास. "बरं, राहू दे. तुया परीक्षेच्या येळेस स्वयंपाक कोन करन?" इतकंच. तो विषय पुन्हा निघाला नाही, आणि रोजच्या चिठ्ठ्याही चुकल्या नाहीत. पुढे नवी सेविका आली, माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठी असेल. तू तिला मॅडम म्हणायचीस आणि ती आली की उठून उभी राहायचीस. एकदा मी डबा द्यायला आले तेव्हा हे पाहिलं आणि दारातूनच परत फिरले. तू गेलीस तेव्हाही मदतनीसच होतीस.

आता वर्गात मी तुझीच रीत सांगते. पुस्तक मिटा, घरी आईला समजावून सांगा, तिला कळलं नाही तर तुम्हाला आलेलं नाही. एखादी पोर विचारते, "मॅडम, तुमच्या आईले समजे का?" मी हो म्हणते आणि फळ्याकडे वळते. त्यापुढचं आजवर कुणालाच सांगितलं नाही. तू समोर असतीस तर तुलाही सांगितलं नसतं. हे पोचणार नाही, म्हणूनच लिहिते आहे.

मैत्रिणींचं कारण मी उगाच पुढे केलं. त्याच पावसाळ्यात एका चिठ्ठीवर मी अडले होते. तू अंबाडी निवडत होतीस. उत्तराचा पहिला शब्द तुझ्या ओठांवर आला, आणि मला आठवायला वेळ मिळावा म्हणून तू तो गिळलास. एकदा दिसल्यावर ते मला रोजच दिसायला लागलं. आपण दोघी परीक्षेला बसलो असतो, तर तुला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले असते, आई. मला त्याची भीती वाटली होती.