करवतकाठी दातांचा राक्षस आणि बाबांचा आरसा

मी, सुलोचना गोपाळराव सोनकुसरे, वय वर्षे अठ्ठावन्न, अविवाहित, धंदा चित्रकार, राहणार भंडारा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, माझ्या मागे राहणाऱ्या वस्तूंची ही व्यवस्था लिहून ठेवते. धंद्याच्या जागी वकील भोजराज यांनी 'घरकाम' असे लिहिले होते. ते खोडून मी 'चित्रकार' असे लिहिले आहे आणि खाडाखोडीशेजारी सही केली आहे. मी कुठे नोकरीला नव्हते. मासिके आणि दिवाळी अंक मागतील तसे राक्षस, पऱ्या, पाताळातली गावे आणि उडणारी जनावरे काढून टपालाने पाठवणे, हा माझा पंचवीस-तीस वर्षांचा धंदा.

बुद्धी शाबूत आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि उजवा हात गेल्या हिवाळ्यापासून थरथरतो. हृदयाबद्दल डॉक्टरांनी जे सांगितले ते ऐकून भीती वाटली नाही, फक्त फार दमल्यासारखे वाटले. म्हणून लिहिता येते आहे तोवर लिहिते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी भोजराज यांनी करावी.

कलम पहिले. आमचे वडील गोपाळराव यांनी वाटणी करताना घराचा पूर्वेकडचा भाग मला आणि पश्चिमेकडचा माझे थोरले बंधू टेकचंद यांना दिला. माझा भाग मी टेकचंद यांनाच देते. अट काही नाही. अंगणातली मधली भिंत त्यांनी घातली आहे. ती ठेवायची की पाडायची, हे त्यांनीच बघावे. बाबांच्या हातमागाचा खड्डा माझ्या बाजूला आहे. तो मी बुजवलेला नाही, फळ्या टाकून वर माझे टेबल मांडले. इतकी वर्षे त्या खड्ड्यावर बसूनच चित्रे काढली. पाय लोंबकळत ठेवायला बरे पडते.

कलम दुसरे. माझे कुंचले, निबा, रंगांच्या बाटल्या आणि मोठ्या परातीएवढी रंग कालवायची थाळी सानगडीच्या नाटक मंडळाला द्यावी. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, दिवसांत त्यांची नाटके होतात. त्यांचा पाताळाचा पडदा माझा आहे. पहिल्यांदा मी पाताळ काळोखे काढले, तेव्हा मंडळाचे मारोतराव पडद्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"बाई, पाताळ मस्त झालं जी. पण याच्यात आमचा राजा दिसनार कसा? तो बी काळाच आहे."

मग मी पाताळात दिवे लावले. वैनगंगेच्या तळाशी गाव आहे आणि घराघरांतून मासे उजेड घेऊन चालले आहेत, असे काढले. माझ्या साऱ्या कामांत लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या या एकाच कामाला. छापलेल्या पानाला कोणी टाळ्या वाजवत नाही. पडदा फाटला तर फेकू नये, ठिगळ लावावे. मासे कुठेही शिवले तरी चालतील.

कलम तिसरे. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये वसतिगृहात असताना चित्रकलेच्या सिस्टरनी समोर पाण्याचा जग ठेवून तसाच काढायला सांगितला होता. मी त्याला सारस पक्ष्याचे पंख लावले. सिस्टरनी मला बाकावर उभे केले आणि तास संपल्यावर हळूच म्हणाल्या, "पंख चांगले आहेत, पण जगाचा कान आधी नीट जमू दे." त्यानंतर मी जे खोटे काढले, ते आधी खरे पाहून काढले. तो कागद माझ्या ट्रंकेत सर्वांत वर आहे. तो कोणाला देऊ नये. माझ्याबरोबर चितेवर ठेवावा.

कलम चौथे. पुण्याच्या ज्या मासिकासाठी मी सर्वांत जास्त काम केले, त्याच्या संपादकांविषयी. त्यांनी मला शेवटपर्यंत 'श्रीयुत' लिहिले, आणि चित्रांच्या मूळ प्रती परत मागितल्या की उत्तर दिले नाही. त्यांच्यासाठी काही ठेवत नाही. मात्र यंदा मासिक बंद करताना त्यांनी माझी सगळी मूळ चित्रे, जुन्या छपाईच्या कागदांत गुंडाळून का होईना, परत पाठवली. त्यामुळे राग संपला आहे असे समजावे. राग धरायलाही अंगात काही लागते.

कलम पाचवे. कलम तिसऱ्यातला कागद सोडून, दोन ट्रंका आणि लाकडी पेटी यांतली सर्व मूळ चित्रे माझी वहिनी विमला टेकचंद सोनकुसरे हिच्या एकटीच्या मालकीची होतील. यंदा त्यांत आणखी चार चित्रांची भर पडली आहे. पाचवे, सारसाच्या पंखांची नाव, अर्धेच आहे. त्यात कोणी रंग भरू नये.

कारण लिहिते. माझ्या सर्व पऱ्यांचे, राण्यांचे आणि चेटकिणींचे हात विमलाचे आहेत. दुपारी ती मागच्या दाराने यायची आणि तांदूळ निवडत बसायची. मी तिचे हात काढायचे.

"बाई, मले परी कायले बनवता? माह्या हाताले तं शेणाचा वास येते."

"चित्राले वास नाही येत वहिनी. बोट जरासं वर करा."

"खडा सापडला तं करतो."

बाजारात टेकचंद म्हणाले आहेत की सुलो गेली की तिच्या पेट्या रद्दीवाल्याला देऊन टाकीन. खोली त्यांची होईल, पेट्या होणार नाहीत. आणि पेटीच्या कुलपाला हात लावण्याआधी त्यांनी पुढचे कलम ऐकावे.

कलम सहावे. हे कलम भोजराज यांनी टेकचंद यांच्यासमोर मोठ्याने वाचावे. वाचताना राक्षसाचे मूळ चित्र आणि बाबांचा दाढीचा आरसा समोर ठेवावा. भोजराज मला म्हणाले, "सुलोबाई, राक्षस मृत्युपत्रात टाकत नाही जी कोणी." कायद्यात मनाई आहे का, असे मी विचारले. मनाई नाही म्हणाले. तेव्हा हे राहील.

एकोणीसशे बहात्तरच्या दिवाळी अंकावर माझा राक्षस छापून आला. तळहातावर अख्खे गाव घेऊन उभा, दात आमच्या घरच्या करवतकाठी लुगड्याच्या किनारीसारखे. बसस्टँडजवळच्या दुकानात अंक दोरीला टांगलेले होते. त्या वर्षी टेकचंद विणकरांच्या सोसायटीत अध्यक्षपदाला उभे होते. बाजारात कोणीतरी म्हणाले, "टेकचंदभाऊ, तुमचा फोटो आला, पाह्यला का?" निवडणूक ते हरले. अंक हातात घेऊन माझ्या दारात आले.

"सुलो, मी तुले काय केलं होतं? सारा बजार हासून राहिला मले."

"तो तू नाही भाऊ. मी आहो तो."

"बाई कुठं राक्षस रायते का? अन् ह्या मिशा कोणाच्या आहेत मंग?"

ते गेले. पुढच्या महिन्यात भिंत आली. तेव्हापासून आम्ही बोललो नाही. विमलाने किती वेळा समजावले. "डोळ्यांनी पाह्यलं मी, मले शिकवू नको," एवढेच ते म्हणत.

तर आता ऐकावे. भंडाऱ्यात राक्षसाचे सोंग घेऊन माझ्यासमोर बसायला कोण येणार होते? टेबलासमोर बाबांचा आरसा टांगायचा, भुवया चढवायच्या, दात विचकायचे आणि चित्र काढायला लागायचे, अशीच मी काम करत आले. वाटणीच्या वेळी हा आरसा टेकचंद यांनी मागितला होता आणि मी दिला नाही, तो याचसाठी. आरशाशिवाय माझा धंदा चालला नसता. माझे सगळे राक्षस आणि दोन तोंडांची एक राणी, ही मीच आहे. त्या राक्षसाला मिशा मी मनाने दिल्या. मिशा दिल्या की माझा चेहरा भावासारखा होतो, हे बाजाराला आधी दिसले आणि मला नंतर.

हे शब्दांनी पटणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून चित्र पाहावे. राक्षसाची एक भुवई मधोमध तुटलेली आहे. अंकावर ती तशी नव्हती. छपाईचा ब्लॉक करणाऱ्याला ती फट माझी चूक वाटली आणि त्याने ठशात भुवई सलग करून टाकली. मूळ चित्रात फट तशीच आहे. हे चित्र परत यायला चौदा वर्षे लागली. आल्याबरोबर मी विमलाच्या हाती पलीकडे पाठवले. ती तसेच परत घेऊन आली. "खोललं बी नाही त्यायनं. म्हणाले, जुनं काहून उकरून राहिली ते." त्यानंतर भिंतीपलीकडे जाण्याचे बळ माझ्यात राहिले नाही. वकिलाने वाचायला घेतलेल्या कागदावरून भाऊ उठून जाणार नाही, म्हणून मी त्याच्याशी इथे बोलते आहे.

भाऊ, आरसा हातात घे. तुझी भुवई सलग आहे. माझी तुटलेली आहे. बाबा जेवायला गेले होते, तू मागावर बसला होतास आणि सूत घेऊन धावणारा धोटा तुझ्या हातून सुटून माझ्या भुवईवर आला. माझ्यापेक्षा तूच जास्त रडलास. हळद दाबून धरलीस आणि बाबांना सांगितलेस, सुलो उंबऱ्यावर पडली. मीही तेच सांगितले. आजवर तेच सांगत आले.

चित्र विमलाचे राहील. आरसा तुझा. तुझ्या बाजूच्या ओसरीत बाबांचा आरशाचा खिळा अजून आहे, असे विमला सांगते.

खोडलेला एक शब्द सोडून वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला आणि तो मला मान्य आहे. दोन्ही साक्षीदारांनी माझ्यासमोर सही-अंगठा केला आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

साक्षीदार:
१. शकुनबाई, शेजारीण, भांड्यांचे दुकान, भंडारा (अंगठा)
२. गोपीचंद, निवृत्त पोस्टमास्तर, भंडारा (सही)

ठिकाण: भंडारा
तारीख: ७ डिसेंबर १९८६

सुलोचना गोपाळराव सोनकुसरे

सही वाकडी आली आहे. कोणी सरळ करू नये.