मंगळवारी पाणी नाही आणि इतर मालमत्ता

मी, अस्मिता कृष्णात मगदूम, वय वर्षे ४३, व्यवसाय स्वतःची गाणी करणे व गावोगावी जाऊन ती म्हणणे, राहणार फुलेवाडी, कोल्हापूर, आज बुधवार दिनांक १२ नोव्हेंबर २०२५ रोजी, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाला बळी न पडता व दोन कप चहा घेऊन हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

'ठेवते' हा शब्द वकिलांचा. बोलताना मी 'ठेवतो' म्हणते. कोल्हापुरात आम्ही पोरी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतो. पुण्यातल्या एका कार्यक्रमात मी माइकवर 'आता मी नवीन गाणं म्हणतो' असं म्हटल्यावर पहिल्या रांगेतल्या एक बाई माझ्या मागं कुणी गडी उभा आहे का ते वाकून बघत होत्या. पण अ‍ॅडव्होकेट दत्तप्रसाद पाटगावकर यांचं म्हणणं पडलं की लिहून देणारी बाई आणि तिचं क्रियापद यांचं लिंग जुळलं नाही तर उद्या कुणीही उठून कोर्टात जाईल. म्हणून या कागदापुरती मी 'ठेवते'.

कलम १. कारण. सप्टेंबरात नाशिकच्या कार्यक्रमात माझा वरचा सूर मध्येच गेला. तपासणीत गळ्यात गाठ निघाली. शुक्रवारी ती काढायची आहे. डॉक्टर म्हणतात, शस्त्रक्रिया किरकोळ आहे. ज्याचा गळा नाही त्याला ती किरकोळच वाटणार. गाठीला लागून आवाजाची नस जाते आणि शंभरात एखाद्याचा आवाज बसतो, असंही त्यांनी सांगितलं. आमच्या कार्यक्रमाला शंभर माणसं क्वचित येतात, पण तो एखादा मात्र दर वेळी आलेला असतो, हा माझा सोळा वर्षांचा अनुभव आहे.

या मृत्युपत्रात 'मृत्यू' या शब्दात आवाज जाणंही धरावं, अशी माझी इच्छा होती. वकिलांनी ते वाक्य खोडलं. कायद्याला बाई जिवंत आहे की नाही एवढंच कळतं, ती गाते की नाही ते कळत नाही, असं ते म्हणाले. ते सज्जन आहेत, पण त्यांनी आमचं एकही गाणं ऐकलेलं नाही.

कलम २. जरीचा झगझगीत शालू. हा माझे पूर्वीचे मालक अंबादास मास्तर यांना द्यावा. त्यांच्या ऑर्केस्ट्रात मी आठ वर्षं लग्नात, वरातीत आणि गणपतीत दुसऱ्यांची गाणी म्हटली. ढोलकीला ऋतुराज साळोखे होता. २००९ साली हातकणंगल्याच्या एका लग्नात दोन फर्माइशींच्या मधल्या वेळात मी माझं स्वतःचं एक गाणं म्हटलं. ऋतुराजला ते माहीतही नव्हतं, तरी त्यानं बरोबर ठेका धरला. मास्तर स्टेजवर आले, माझ्या हातातला माइक घेतला आणि मांडवाला उद्देशून म्हणाले, "तांत्रिक बिघाडाबद्दल क्षमस्व."

त्याच कार्यक्रमानंतर आम्ही दोघांनी ऑर्केस्ट्रा सोडला. शालू ऑर्केस्ट्राचा, परत मागितला गेला होता, तो मी दिला नाही. आता द्यावा. धुऊन द्यावा.

कलम ३. गिटार. ही माझे थोरले बंधू विजयसिंह कृष्णात मगदूम, राहणार कागल, यांना द्यावी. दादा दुधाचा व्यवसाय करतात. मी ऑर्केस्ट्रा सोडून ऋतुराजबरोबर स्वतःचा बँड काढला तेव्हा त्यांनी ही गिटार सरकी पेंडीच्या खोलीत कोंडली होती. आजही पावसाळ्यात तिला पेंडीचा वास येतो.

माझ्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा दादांनी भावकीत सांगितलं की अस्मिता बँकेत आहे. बँड आणि बँक यात फरक एका अक्षराचा, त्यामुळे आपण खोटं बोललो असं त्यांना अजूनही वाटत नाही. पुढं तीन वर्षं माझ्याकडे स्थळं कमी आणि कर्जाची चौकशी जास्त आली. एक पावणं तर सातबारा घेऊन वारणानगरच्या आमच्या कार्यक्रमालाच आले. मध्यंतर होईपर्यंत बसले, टाळ्या वाजवल्या आणि मग अर्ज कुठं द्यायचा ते विचारलं. मी त्यांना आमच्या नव्या गाण्याचं पोस्टर दिलं. त्यांनी घडी घालून सातबाऱ्यात ठेवलं.

त्या कार्यक्रमाला दादाही आले होते, न सांगता. मागच्या रांगेत टोपी घालून बसले होते. बाहेर भेटल्यावर म्हणाले, "आवाज चांगलाय की तुझा. पर नाचायजोगं एक बी न्हाय." एवढं बोलून गेले. मी ते शब्द सोळा वर्षांत मिळालेल्या सगळ्या अभिप्रायांत वर ठेवते. गिटार त्यांनी दर रविवारी सुरात लावावी. कशी लावायची ते त्यांनी शिकून घ्यावं.

कलम ४. ओम्नी गाडी. हीसुद्धा दादांनाच द्यावी. हिच्यातून आम्ही बेळगाव, हुबळी, गोवा, नाशिक, बंगळूर इतकं हिंडलो आहोत. बेळगावच्या घाटात हिचा रिव्हर्स गेला तो पुन्हा पडला नाही. फुलेवाडीचे मेकॅनिक पिराजी लोहार यांनी हिचं सगळं आतडं तीनदा बाहेर काढून पुन्हा आत घातलं, पण रिव्हर्स आला नाही. माघार घेणं दादांनाही कधी जमलेलं नाही, त्यामुळे दोघांचं बरं जमेल.

कलम ५. फुलेवाडीतील दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. आमच्यासारखे स्वतःची गाणी घेऊन हिंडणारे लोक हॉटेलात उतरत नाहीत. परवडत नाही. कुणीतरी ऐकणारा म्हणतो, आमच्याकडं या, आणि आम्ही जातो. हुबळीत एका शिक्षिका बाईंनी आम्हाला स्वतःची खोली दिली आणि स्वतः स्वयंपाकघरात झोपल्या. सकाळी आम्ही निघताना भाकरी बांधून दिल्या आणि मग संकोचून विचारलं, काल तुम्ही म्हटलात ते सगळं तुमचं तुम्हीच लिहिता का? अशी घरं मी मोजली नाहीत, पण खूप आहेत.

म्हणून माझ्या पश्चात या दोन खोल्या बाहेरगावाहून कोल्हापुरात स्वतःची गाणी म्हणायला येणाऱ्यांना उतरायला द्याव्यात. 'येणाऱ्यांना' या नावानं मालकी लागत नाही, असं वकील म्हणाले. तेव्हा मालकी दादांची आणि किल्ली खालच्या मजल्यावरच्या बाळाबाई चौगुले यांच्याकडे. बाळाबाईंनी आमच्या सरावाविरुद्ध सोसायटीत एकवीस तक्रारी केल्या आहेत. लाटण्यानं छत वाजवून त्या ठेका चुकला तेही कळवत असत, आणि ऋतुराजच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचं लाटणं बहुधा बरोबर असे. गाणारी माणसं शिस्तीत ठेवायला यापेक्षा योग्य व्यक्ती माझ्या माहितीत नाही. दादांना त्यांच्याकडून किल्ली कधीच मिळणार नाही, याचीही मला खात्री आहे.

कलम ६. 'मंगळवारी पाणी नाही' या बँडची गाणी. हे नाव आमच्या जिन्यातल्या फळ्यावर लिहिलेलं होतं. पहिल्या गाण्याच्या वेळी नाव सुचेना, म्हणून ऋतुराजनं तेच घातलं. महानगरपालिकेनं पाण्याचा वार बदलला, आम्ही नाव बदललं नाही.

आमची एकतीस गाणी इंटरनेटवर आहेत. त्यातलं लोकांना माहीत असलेलं एकच. त्याबद्दल मला खुलासा करायचा आहे.

'परतीचा रस्ता' हे मी फार गंभीर गाणं लिहिलं होतं. आमच्या स्वयंपाकघरात फरशीमुळं आवाज छान घुमतो, म्हणून ते तिथं रेकॉर्ड केलं. शेवटच्या कडव्यात, अगदी हळव्या जागी, माझी आई चिमणाबाई दारातून म्हणाली, "अस्मे, गॅस बारीक कर, दूध उतू चाललंय." मी दुसऱ्यांदा गाऊन दिलं आणि ऋतुराजला सांगितलं की दुसरं वापर. त्यानं इंटरनेटवर पहिलंच सोडलं. आईसकट.

ते गाणं आमच्या बाकी सगळ्या गाण्यांपेक्षा जास्त ऐकलं गेलं. लोक त्याला दुधाचं गाणं म्हणतात. कार्यक्रमात ती जागा आली की सगळी गर्दी एका सुरात 'गॅस बारीक कर' म्हणून ओरडते आणि मी विरहाचं कडवं म्हणत उभी असते. आई खूश होती. भाजी आणायला गेल्यावर बायकांना सांगायची, गाण्यात मी पण हाय.

मी ऋतुराजशी बोलणं सोडलं. अकरा महिने. त्या अकरा महिन्यांत आम्ही एकाच गाडीतून हिंडून चाळीस कार्यक्रम केले. तो गाडी चालवायचा, मी शेजारी बसून समोरच्या काचेला सांगायची की कुणीतरी आता डावीकडं वळावं. तो वळायचा. स्टेजवर काही चुकलं नाही. उलट लोक म्हणायचे, तुमच्यात काय समजूत आहे, एकमेकांकडं बघतही नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आई गेली. दिवसकार्य झाल्यावर मी फोनमध्ये तिचा आवाज शोधला. फोटो शेकड्यांनी होते, आवाज कुठं नव्हता. फोन समोर धरला की आई फोटो आहे असं समजून गप्प उभी राहायची. मग मला ते गाणं आठवलं. मी शेवटचं कडवं लावलं, बारा-पंधरा वेळा लावलं, आणि ऋतुराजला फोन केला. अकरा महिन्यांतलं हे आमचं पहिलं बोलणं. मी विचारलं, मूळ रेकॉर्डिंग आहे का.

"तीन ठिकाणी ठेवलंय," तो म्हणाला.

नंतर त्यानंच सांगितलं, "माझ्या आईचा एक शब्द न्हाय माझ्याकडं. म्हणून मला ते कापवलं न्हाय. तुला सांगाय पायजे होतं."

मी त्याला तेव्हा धन्यवाद म्हटलं नाही. पुढच्या कार्यक्रमाला कुठल्या गावी जायचं ते विचारलं. धन्यवाद इथं लिहीत आहे, नोंद व्हावी.

कलम ७. नवीन गाणं. आवाज अजून धड आहे तोवर म्हणून आम्ही मागच्या महिन्यात एक गाणं पूर्ण केलं. ते अजून सोडलेलं नाही. ऋतुराजचं म्हणणं होतं, शस्त्रक्रियेआधी सोडू. मी म्हटलं, नको, लोक ऐकतील आणि शुक्रवारनंतर माझ्याकडून तसंच मागतील. सगळ्या गाण्यांतला माझा अर्धा वाटा आणि हे नवीन गाणं माझ्या पश्चात ऋतुराज विजय साळोखे यांस मिळावं. त्यांनी ते पुढील अटींवर सोडावं: 'शेवटचं गाणं' असं कुठंही लिहू नये. माझा हार घातलेला फोटो लावू नये. मागं बासरी घालू नये.

~~(वरील कलम ७ मधील वाटपाबाबत आज दुपारी घडलेला प्रकार मी स्वहस्ते खाली लिहीत आहे.)~~ ही ओळ वकिलांनी खोडली, कारण प्रकार हा शब्द पोलीस ठाण्यातला आहे. घडलं ते असं.

आज दुपारी सहीसाठी आम्ही कसबा बावड्यात वकिलांच्या ऑफिसात जमलो. साक्षीदार म्हणून मी ऋतुराज आणि पिराजी लोहार यांना बोलावलं होतं. वकिलांनी सगळं वाचून दाखवलं. बेळगावच्या घाटाचं कलम आलं तेव्हा पिराजी खाली बघत होते. वाचून झाल्यावर वकील म्हणाले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये, पुढं भानगड होते. तेव्हा साळोखे यांच्या जागी दुसरं कुणीतरी बघा.

ऋतुराजनं वकिलांना पुन्हा एकदा विचारलं, म्हणजे मी सही केली तर मला गाणी मिळणार नाहीत, असंच ना. वकील म्हणाले, तसं समजा. त्यानं वकिलांच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि कलम ७ वर आडवी रेघ मारली. वकील खुर्चीतून अर्धे उठले.

"मी सही करतो," तो मला म्हणाला. "गाणं तुझं तू सोड."

मी विचारलं, "आणि आवाज गेला तर?"

"सोडाय आवाज लागत न्हाय. बोट लागतंय."

वकिलांनी मला अधिकृतपणे विचारलं की हा बदल माझ्या मर्जीनं आहे का. मला लगेच बोलता आलं नाही. गाठीमुळं, असं मी त्यांना सांगितलं. पिराजींनी पाण्याचा तांब्या पुढं केला. मग मी हो म्हटलं.

त्यामुळे कलम ७ रद्द. नवीन गाणं या मृत्युपत्राद्वारे कुणालाही दिलेलं नाही. ते शुक्रवार दिनांक २८ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी दहा वाजता मी स्वतः सोडेन. पोस्टरवर तारीख छापायला सांगितली आहे. जुन्या गाण्यांतला माझा वाटा कुणाला द्यायचा तेही मी बरी झाल्यावर सवडीनं ठरवेन. वकिलांनी बजावलं की तारखेआधी काही बरंवाईट झालं तर या कागदात गाण्याची काहीच सोय नाही. ऋतुराज म्हणाला, नसू दे. मीही म्हणते, नसू दे.

हे मृत्युपत्र मी वाचून, वाचून घेऊन, दोन ठिकाणी खोडू देऊन, साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करून पुरं केलं. मारलेल्या दोन्ही रेघा माझ्या संमतीच्या आहेत.

लिहून ठेवणार: अस्मिता कृष्णात मगदूम (सही)

साक्षीदार १: पिराजी लोहार, मेकॅनिक, फुलेवाडी (सही)

साक्षीदार २: ऋतुराज विजय साळोखे, ढोलकीवादक, उत्तरेश्वर पेठ, ज्यांना या मृत्युपत्रान्वये काहीही मिळत नाही (सही)

ठिकाण: कसबा बावडा, कोल्हापूर
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५