हिर्डोशीच्या सावळारामचं गिळणं

८ एप्रिल, मंगळवार

नवा पेशंट. सावळाराम, हिर्डोशीचा, वय बावन्न. फेब्रुवारीत हिरडा काढताना झाडावरून पडला, डोकं खाली दगडावर आपटलं. पुण्यात ऑपरेशन झालं, महिनाभर तिथेच, आता आमच्या भोरच्या पुनर्वसन केंद्रात. डोळे उघडे असतात पण बघत कुणाकडेच नाही. हाक मारली तर काही नाही. नखावर दाब दिला तर हात आखडतो, तेवढंच. जेवण नाकातल्या नळीतून.

प्रद्युम्न सर (मेंदूचे डॉक्टर, दर मंगळवारी पुण्याहून येतात) म्हणाले, "मधुवंती, गिळणं तपासून घ्या. जमत नसेल तर पोटात नळी बसवू आणि घरी पाठवू. यापुढे फार काही होईल असं मला वाटत नाही."

गिळणं तपासणं हेच माझं काम. बारा वर्षं झाली. तोंड स्वच्छ केलं, पाठीला उशा लावून बसवलं, हनुवटीखाली एक बोट, बाकीची कंठावर. मग नुसती वाट बघायची. एक मिनिट गेलं, दोन गेली. आणि कंठ वर उचलला गेला, माझ्या बोटांना ढकलून पुन्हा खाली! लाळ गिळली.

सवय व्हायला हवी होती एव्हाना. होत नाही. एका सेकंदात श्वासाची वाट बंद, अन्नाची उघडी, डझनावारी स्नायू एकामागून एक, कुणी कुणाच्या आधी धावत नाही. डोक्यात एवढा हलकल्लोळ झालाय आणि हे मात्र बिनचूक चाललंय.

पाच मिनिटांत तीनदा. कमी आहे, पण आहे.

१० एप्रिल, गुरुवार

लिंबूपाण्यात बुडवलेला बोळा जिभेवर फिरवला. चेहऱ्यावर काही नाही. उशिराने एक गिळणं. मग चमच्याच्या टोकावर थेंबभर पाणी. गिळलं, खोकला नाही. पण मानेला स्टेथोस्कोप लावला तर श्वासात खरखर! म्हणजे पाणी चुकीच्या वाटेला गेलं आणि शरीराने हूं की चूं केलं नाही. हाच प्रकार सगळ्यात वाईट. ठसका लागला तर माणूस सावध होतो. इथे अन्न गुपचूप फुप्फुसात उतरतं.

त्याच्या बायकोला, साळूबाईंना, समजावलं, तोंडातून काहीही द्यायचं नाही. एक घोट पाणीसुद्धा नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, नळीतनं प्वाट भरतंय. पर तोंडाला चव नसंल तर मानसानं कशापाई परत यावं?"

मी पाटीवर 'तोंडातून काही नाही' लिहून खाटेला अडकवलं.

१४ एप्रिल, सोमवार

ताप १०२. उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया.

साळूबाईंनी काल दुपारी नाचणीची आंबील भरवली! चार चमचे. नर्सने वाटी पाहिली. मी वॉर्डात सगळ्यांसमोर ओरडले त्यांच्यावर. "जीव घ्यायचाय का त्यांचा?" असंही म्हटलं. म्हणायला नको होतं.

त्या भिंतीला टेकून उभ्या. रडल्या नाहीत. एवढंच बोलल्या, "म्या जबरदस्ती न्हाई केली. त्यांनी सोत्ता तोंड उघाडलं."

मी म्हटलं, ओठाला काही लागलं की तोंड आपोआप उघडतं, तान्ह्या बाळासारखं. त्याचा अर्थ काही नसतो.

"न्हाई ताई. लागायच्या आदी उघाडलं."

१५ एप्रिल, मंगळवार

सर आले. ताप पाहून वैतागले. न्यूमोनिया उतरला की पोटात नळी, मग घरी, असं ठरलं. सावळारामचा धाकटा भाऊ गेनू आला होता, त्याला तसं सांगितलं. तो मान हलवत राहिला. जाताना दारात मला म्हणाला, "म्याडम, खरं सांगा. दादा हाय का त्यात?"

मी म्हटलं, डॉक्टर सांगतील. पळवाट!

१६ एप्रिल, बुधवार

"लागायच्या आदी." डोक्यातून जात नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

ताप चार दिवस नाही. नळीची तारीख ठरली, पुढचा बुधवार.

२४ एप्रिल, गुरुवार

आज करून पाहिलं. कुणाला सांगितलं नव्हतं. खोटं ठरलं तर माझंच हसं, म्हणून.

सकाळी दहा वाजता, अंग पुसून झाल्यावर, तेव्हा तो सगळ्यात जागा असतो. बसवला. साळूबाई शेजारी. रिकामा चमचा घेतला. ओठाला लावायचा नाही, वीतभर लांब, नजरेसमोर धरायचा.

काही नाही. वीस सेकंद, तीस. हात दुखायला लागला. बाजूला घेणार तोच खालचा ओठ हलला. मग जबडा. हळूहळू, गंजलेलं दार उघडावं तसं तोंड उघडलं. जीभ थोडी पुढे आली. थांबली.

चमचा अजून वीतभर लांबच होता!

तरी स्वतःला बजावलं, एकदा झालं म्हणजे काही नाही, जांभईसुद्धा असेल. पाच मिनिटं थांबले. मग कंगवा धरला, तेवढाच लांब, तेवढाच वेळ. तोंड बंद. पुन्हा चमचा. उघडलं. पेन. बंद. चमचा. उघडलं. कंगवा. बंद. चमचा. या वेळी नाही उघडलं. दमला असेल. शेवटचा चमचा. चाळीस सेकंद लागले, पण उघडलं.

पाच वेळा चमचा, चारदा उघडलं. कंगव्याला, पेनाला एकदाही नाही.

घशातलं गिळणं झोपेतही होतं. त्याला माणूस जागा लागत नाही. पण हा चमचा आहे, हा कंगवा नाही, चमचा माझ्याकडे येतोय, मी तोंड उघडायला हवं, एवढा सगळा विचार कुणीतरी केला. त्या न हलणाऱ्या डोळ्यांच्या मागे बसून कुणीतरी केला.

मी खुर्चीवर बसून राहिले. साळूबाई माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. मी म्हटलं, "साळूबाई, तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं."

त्या पदराने त्यांचं तोंड पुसत म्हणाल्या, "म्या कुटं कायतरी शोदलं, ताई? मला दिसलं, येवडंच."

सकाळपर्यंत मी 'तो' लिहीत होते. आता हात 'ते' लिहितोय.

२५ एप्रिल, शुक्रवार

सरांना फोन केला. चमचा-कंगव्याचं सगळं सांगितलं. मग म्हणाले, "फोनवर सांगू नका, डोळ्यांना दाखवा. मंगळवारी समोर करा."

२९ एप्रिल, मंगळवार

सर समोर आणि तोंड उघडेना! तीन चमचे, एकदाही नाही. दुपारचे चार वाजलेले, व्यायामवाल्याने नुकतंच फळीला पट्ट्यांनी बांधून तासभर उभं केलेलं. सावळाराम घामाघूम. सरांनी नुसती फाईल मिटली. तेच जास्त लागलं.

मी म्हटलं, "सर, सकाळी दहाला बघा. एक दिवस राहा." असं मी आजवर कधी कुणा डॉक्टरला म्हटलेलं नाही.

सरांनी घड्याळाकडे बघितलं, मोबाईलवर कुणाशी बोलले. म्हणाले, "ठीक. उद्याची नळी पुढे ढकला. पण एकच दिवस."

३० एप्रिल, बुधवार

दहा वाजून पाच मिनिटं. सरांनी स्वतः चमचा धरला, माझा भरवसा नको म्हणून. कंगवाही त्यांच्याच हातात. क्रम त्यांनी ठरवला, मला आधी सांगितला नाही.

सहा चमचे, पाचदा उघडलं. सहा कंगवे, शून्य.

सरांनी चमचा खाली ठेवला. चष्मा काढून पुसला. मग वाकून सावळारामांच्या कानाशी, कधी नव्हे त्या हळू आवाजात: "सावळाराम, मी डॉक्टर आहे. मी आजवर तुमच्याशी बोललोच नाही. माफ करा."

कंठ वर गेला. खाली आला.

तो 'हो' होता असं मी लिहिणार नाही. लाळ होती. पण सर ताठ उभे राहिले.

६ मे, मंगळवार

नाकातून दुर्बीण घालून गिळणं पाहिलं. निळ्या रंगाचं पातळ पाणी वाकड्या वाटेने उतरलं, अपेक्षित होतं. मग तेच निळं, पण दह्याइतकं घट्ट. पडद्यावर बघत होतो सगळे. निळा गोळा जिभेच्या मागे आला, क्षणभर पडदा पांढरा झाला (घसा आवळला की तसं होतं), आणि परत दिसलं तेव्हा श्वासाची वाट स्वच्छ! एक निळा ठिपका नाही. नर्सने टाळी वाजवली.

गेनूला फोन लावला, म्हटलं, "तू दारात विचारलं होतंस ना? आहेत." पलीकडून एवढंच, "व्हय म्याडम. व्हय." आणि फोन ठेवला.

९ मे, शुक्रवार

पहिला खरा घास. घट्ट शिजवलेली नाचणीची पेज, अर्धा चमचा, मीठ घालून. मी शेजारी, बोटं कंठावर. भरवलं साळूबाईंनी. मान किंचित खाली, असं मी शिकवलं होतं. "घ्या," म्हणाल्या, "हळू. कुटं जायचंय आपल्याला?"

तोंड उघडलं, ओठ मिटले. जीभ हलताना गालावरून दिसली. अकरा सेकंद! मग बोटांखाली तो धक्का. श्वासाचा आवाज स्वच्छ, खरखर नाही.

पाच अर्धे चमचे. साळूबाई प्रत्येक वेळी स्वतःही गिळत होत्या, रिकामं. त्यांना कळतही नव्हतं.

१३ मे, मंगळवार

सरांनी कागदावरचं 'जागरूकता नाही' खोडलं. आणखी तीन महिने इथेच उपचार.

१५ मे, गुरुवार

आज कपाटातून मागच्या चार वर्षांच्या फायली काढल्या. अकरा जणांच्या कागदावर माझी सही आहे, "गिळण्याची क्षमता अपुरी, प्रतिसाद नाही." घसा नीट तपासला होता. चमचा दुरून एकालाही दाखवला नव्हता.

पहिला नंबर विंझरचा. कुंडलिक, घरी पाठवून पावणेतीन वर्षं. फोन एका बाईने उचलला. मी नाव सांगितलं, आणि 'कुंडलिक आहेत का' हा पुढचा प्रश्न काही केल्या तोंडातून निघेना.

त्याच बोलल्या. "हायती की. हितं खाटंवरच हायती. का वो ताई?"